वाचकांचे प्रश्न: कला-वाणिज्यवाल्यांचे भौतिकशास्त्र

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता कला आणि वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यावा लागतो. त्यात बऱ्याच जणांच्या वाट्याला ‘दैनंदिन जीवनातील भौतिकशास्त्र’ किंवा तशाच नावाचा दोन क्रेडिटचा पेपर आला आहे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत. ‘कोणते गाइड घ्यावे’ अशी पत्रे बाजूला ठेवली आहेत.

दहावीनंतर गणित सुटले आहे. या पेपरला नेमके किती गणित लागेल? – प्रथम वर्ष बी.ए., सातारा

गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, दहाचे घात आणि आलेखाचा चढ एवढे पुरते. कलनशास्त्र लागत नाही. त्रिकोणमिती लागलीच तर एखाद्या उताराच्या उदाहरणापुरती. विद्यार्थ्यांचे मार्क जातात ते एककांमुळे, गणितामुळे क्वचितच.

एक उदाहरण घ्या. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की वेग दर सेकंदाला सुमारे ६ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असे धरू. थांबायला लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची (वेग कमी होण्याच्या या दराची) दुप्पट. घाईत ६० हाच आकडा सूत्रात टाकला तर ३६०० भागिले १२, म्हणजे ३०० मीटर येतात. हे उत्तर पाहताक्षणी खटकले पाहिजे. ब्रेक लावल्यावर गाडी ३०० मीटर जात असती तर गावातून वाहन चालवणेच अशक्य झाले असते. ताशी किलोमीटरला ५ ने गुणून १८ ने भागले की मीटर प्रतिसेकंद मिळतात. तसे केले की ६० चे १६.७ होतात आणि अंतर येते सुमारे २३ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी १७ मीटर. एकूण ४०.

आता वेग ८० करा. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकचे अंतर २३ वरून ४१ मीटरवर गेले, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पावसात पकड निम्मी झाली तर तेच ८२. हे ‘वर्गाचे’ नाते ज्याला कळले त्याला या पेपरातला गणिताचा सर्वांत अवघड भाग कळला असे समजा.

सवय एकच लावून घ्या: आकडा लिहिला की त्याच पेनने लगेच एकक लिहायचे, शेवटच्या ओळीपर्यंत थांबायचे नाही.

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण १०.८ आले. सर म्हणतात पुन्हा करा. चूक कुठे शोधू? – द्वितीय वर्ष बी.कॉम., जळगाव

चूक मोजणीत आहे आणि ती जवळजवळ खात्रीने सांगता येते. तुम्ही गोळा सोडताना ‘एक’ म्हणालात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे असते. ‘एक’पासून सुरुवात केली की ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलने (जाऊन परत येणे मिळून एक दोलन) एकोणीसच झालेली असतात. महाराष्ट्रात गुरुत्व त्वरण ९.७८ ते ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. एक मीटर लांबीच्या लंबकाला २० दोलनांना सुमारे ४०.२ सेकंद लागायला हवेत. एकोणीसच मोजली तर ३८.२ सेकंद होतात. त्याला २० ने भागून आलेला दोलनकाल (एका दोलनाचा वेळ) सूत्रात, म्हणजे ४π² गुणिले लांबी भागिले दोलनकालाचा वर्ग यात, घातला की उत्तर येते १०.८४. तुमचा आकडा हाच आहे.

या प्रयोगाची हीच गंमत आहे की चुकलेले उत्तर बहुधा चुकीचा पत्ता सांगते. ३९ च्या आसपास आले तर जाणे आणि येणे ही दोन वेगळी दोलने धरली. ९.६५ आले तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंत मोजली (गोळा अडीच सेंटिमीटर व्यासाचा असला तर लांबी सव्वा सेंटिमीटर कमी पडते). ९.९ आले तर उलट, खालच्या टोकापर्यंत मोजली. ९.४५ आले तर गोळा ओळंब्यापासून ३० अंशांपर्यंत ओढून सोडला. सूत्र लहान कोनासाठीच खरे आहे, १० अंशांच्या आत राहा. म्हणजे एक मीटरच्या दोऱ्याला गोळा बाजूला १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढायचा नाही.

आता पुन्हा करताना दोरा खिळ्याला गुंडाळू नका. झुलताना तो खिळ्यावर थोडा थोडा चढतो आणि लांबी बदलत राहते. कॉर्क मधोमध चिरून त्याच्या दोन फाकांत दोरा घट्ट धरा. गोळा धक्का न देता सोडा. तो लंबगोल फिरू लागला तर थांबवून परत सोडा. स्टॉपवॉच गोळा टोकाला असताना दाबू नका. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. मधल्या बिंदूखाली टेबलावर खडूची रेघ मारा, दोन-तीन झोके जाऊ द्या, आणि रेघेवरून एका दिशेने जाताना ‘शून्य’ म्हणून घड्याळ चालू करा. बोटाची ढिलाई सुमारे ०.२ सेकंदाची असते. ४० सेकंदांत ती अर्धा टक्का होते. उत्तरात दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे तिची एक टक्का चूक होते, तेवढी चालते. पाचच दोलने घेतली तर तीच चूक चार टक्क्यांवर जाते.

शक्य असेल तर ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटिमीटर अशा पाच लांब्या घ्या. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर दोलनकालाचा वर्ग. बिंदूंमधून सरळ रेघ जाते आणि तिचा चढ ४.०३ सेकंद वर्ग प्रतिमीटरच्या जवळ येतो. ३९.४८ ला, म्हणजे π (‘पाय’) च्या वर्गाच्या चौपटीला, या चढाने भागा. गोळ्याचा मध्य नीट सापडला नसला तरी पाचही लांब्या सारख्याच चुकलेल्या असतात, त्यामुळे रेघ वर-खाली सरकते पण चढ बदलत नाही. ती शून्यातून जात नाही म्हणून घाबरू नका. किती अंतराने चुकते तेच लांबीतली चूक सांगते.

जर्नलमध्ये ९.८ ‘बसवून’ आणण्याची जुनी रीत आहे. ९.६५ लिहून शेजारी त्याचे कारण लिहिणाऱ्याला आम्ही जास्त मार्क देऊ.

फोन टेबलावर निवांत पडलेला आहे, तरी ‘फायफॉक्स’ ॲप त्वरण ९.८ दाखवते. फोन बिघडला आहे का? – प्रथम वर्ष बी.ए., कोल्हापूर

फोन ठीक आहे. जर्मनीतल्या आखन विद्यापीठात तयार झालेले हे ॲप फुकट आहे आणि या पेपरासाठी उत्तम आहे. मात्र ते काय मोजते हे आधी समजून घ्या. फोनमधल्या चिपवर सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांना टांगलेले एक सूक्ष्म वजन असते. चिप वेगातला बदल थेट पाहत नाही, ती स्प्रिंग किती ताणली किंवा दबली एवढेच पाहते. टेबल फोनला वर ढकलत आहे, म्हणून स्प्रिंग दबलेली आहे, म्हणून ९.८. फोन मोकळा पडत असेल तर वजन आणि फोन दोघेही सारखेच पडतात, स्प्रिंगला काही कळत नाही आणि आकडा शून्याजवळ येतो.

करून पाहा. गादीवर दोन जाड उशा ठेवा. उशीपासून १.२५ मीटर उंचीवर फोन आडवा धरा, ॲपमध्ये ‘विथ जी’ हा प्रकार निवडून नोंद सुरू करा आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी सोडा. आलेखात ९.८ ची सपाट रेघ, मग सुमारे अर्ध्या सेकंदाचा खड्डा, मग आपटल्याचा उंच सुळका दिसेल. खड्ड्याची रुंदी म्हणजे पडण्याचा काळ. उंचीची दुप्पट भागिले काळाचा वर्ग केले की गुरुत्व त्वरण परत मिळते. खड्डा अगदी शून्यावर टेकला नाही तर फोन पडताना गिरकी घेत होता. ‘विदाउट जी’ निवडलात तर हे सगळे उलटेपालटे दिसेल, कारण त्यात ॲप ९.८ स्वतःच वजा करते. बरेच जण इथेच फसतात.

अंतराळवीर तरंगतात ते ‘तिथे गुरुत्वाकर्षण नाही’ म्हणून, हे वाक्य उत्तरपत्रिकेत नेहमी सापडते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के आहे. स्थानक आणि माणसे एकत्र पडत आहेत, तुमच्या फोनसारखीच. फक्त आडवा वेग इतका आहे की पृथ्वी खालून वळत जाते आणि टेकणे होत नाही.

‘घरातील विजेचा हिशेब’ हा प्रकल्प घेतला आहे. उपकरणावरचे वॅट गुणिले तास केले तर बिलाच्या दीडपट युनिट आले. काय करू? – द्वितीय वर्ष बी.कॉम., नाशिक

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूल. हिशेबाची रीत बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे. फ्रिजवर १५० वॅट लिहिलेले असतात, म्हणून तुम्ही २४ तासांचे ३.६ युनिट धरले असणार. फ्रिजचा काँप्रेसर मधूनमधून चालतो. इस्त्रीचेही तसेच, थर्मोस्टॅट तिला सारखी बंद-चालू करतो. गिझरला तर तास लावूच नयेत, पाणी लावावे. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायचे म्हणजे १५ गुणिले ३५ गुणिले ४१८६, सुमारे २२ लाख ज्यूल, ०.६१ युनिट. २००० वॅटच्या गिझरला एवढे करायला १८ मिनिटे पुरतात. टाकीतून हवेत जाणारी उष्णता धरली तर थोडी जास्त. बटण तासभर चालू राहिले तरी तो तासभर वीज ओढत नाही.

अंदाज सोडा, मीटरच वापरा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका किलोवॅट-तासाला किती ‘इम्पल्स’ ते छापलेले असते. समजा ३२०० आहे. घरातले सगळे बंद करा. फ्रिज, वायफायचा डबा आणि इन्व्हर्टर विसरू नका, चार्ज होत असलेला इन्व्हर्टर या प्रयोगाचा हमखास घात करतो. दिवा लुकलुकायचा थांबला की एकच उपकरण लावा. एका लुकलुकीला ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करा (लंबकाचा नियम इथेही तोच) आणि दहाव्या लुकलुकीला थांबवा. ३२०० च्या मीटरला ११,२५० भागिले सेकंद म्हणजे वॅट. ७५ वॅटच्या पंख्याला दीडशे सेकंद लागतात, २००० वॅटच्या गिझरला साडेपाच-पावणेसहा. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ३,६०,००,००० ला त्याने भागा, ११,२५० च्या जागी जे येईल ते घ्या. मीटरचे झाकण किंवा सील यांना हात लावायचे कारण नाही, दिवा बाहेरून दिसतो.

गिझर १६७० वॅटच दाखवतो असे दिसले तर तेही खरे असू शकते. २००० हा आकडा २३० व्होल्टचा आहे. संध्याकाळी दाब २१० व्होल्टवर आला तर शक्ती वर्गाच्या प्रमाणात उतरते आणि १६७० च होते. मल्टिमीटरने दाब मोजण्याचा मोह होईल, पण घरच्या सॉकेटमध्ये तो प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसाशिवाय घालू नका.

शेवटी रुपये. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून ‘दर’ काढू नका. त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्कही आहे, शिवाय वीज आकार टप्प्याटप्प्याने चढतो. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने प्रकल्पाचा हा भाग विज्ञानवाल्यापेक्षा चांगला करावा अशी अपेक्षा आहे.

कुकरच्या शिट्टीनंतर गॅस मोठा ठेवला तर डाळ लवकर शिजते का? – वाचक, ठाणे

नाही. घरगुती कुकरची शिट्टी आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढला की उचलली जाते. त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. शिट्टी वाजू लागली की तापमान त्यापुढे जात नाही, मोठी आच फक्त जास्त वाफ बाहेर घालवते. १०० ग्रॅम वाफ गेली तर सव्वादोन लाख ज्यूल गेले. तेवढ्यात एक लिटर पाणी २५ वरून ७८ अंशांपर्यंत तापते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटे मोजावीत. शिट्ट्यांची संख्या आचेवर अवलंबून असते, डाळीवर नाही.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण: महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा साडेचार अंशांनी खाली. कुकरमध्ये मात्र फरक दोनच अंशांचा पडतो. का, ते दाबांची बेरीज करून काढा.

हा पेपर मला शिकवायचा आहे. तास तीस, मुले मिश्र शाखांची. काय गाळावे? – अधिव्याख्याता, अहिल्यानगर

कृष्णविवर आणि क्वांटम यांची व्याख्याने आधी गाळा. मुले ती आवडीने ऐकतात, पण त्यातले काहीच मोजू शकत नाहीत, आणि परीक्षेला पाठांतर उरते. सदिशांच्या सिद्धता, अर्धवाहक, भिंगांची सूत्रे हेही जाऊ द्या. गती आणि बल यांना आठ-नऊ तास, ऊर्जेला पाच, उष्णतेला पाच, विजेला सहा आणि उरलेले तरंगांना. मीटरपट्टी, दोरा, गोळा, तापमापक आणि मुलांचे फोन एवढ्या साहित्यात प्रात्यक्षिके होतात.

पहिल्या घटकात घाई करू नका. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचे त्वरण किती, असा प्रश्न फळ्यावर लिहा. पर्याय: शून्य, ९.८ खाली, ९.८ वर. बहुतेक वर्ग ‘शून्य’ म्हणतो, कारण वेग शून्य आहे. बरोबर उत्तर ‘९.८ खाली’. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत अशा वेळी चांगली चालते: एक मिनिट एकट्याने विचार, मग सर्वांनी एकदम चिठ्ठी वर धरायची. बरोबर उत्तरे ३० ते ७० टक्क्यांत असतील तर दोन-तीन मिनिटे शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा चिठ्ठी. त्याहून कमी असतील तर वाद निष्फळ जातो, तुम्हीच परत समजावून सांगा. जास्त असतील तर पुढे सरका. हात वर करायला लावू नका, मुले हुशार मुलाचा हात पाहून आपला वर करतात.

मायक्रोवेव्हमध्ये पापड ठेवून प्रकाशाचा वेग काढता येतो हे खरे आहे का? – प्रथम वर्ष बी.ए., पुणे

खरे आहे, एका अटीसह. भट्टीतली फिरती तबकडी काढा. मधली चकती फिरतच राहते, म्हणून तिच्यावर एक वाटी पालथी घालून त्यावर सपाट काचेची ताटली अशी ठेवा की ती चकतीला न लागता स्थिर राहील. ती फिरली तर प्रयोग संपला. उडदाचे कच्चे पापड एकमेकांना लागून पसरा आणि १५ ते २० सेकंद चालवा. सगळा पापड फुलू देऊ नका, पहिले पांढरे डाग दिसले की बंद. शेजारच्या दोन डागांच्या मध्यांमधले अंतर मोजा. ते ६ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे आणि ती अर्धी तरंगलांबी असते. दुप्पट करा आणि भट्टीच्या पाठीवर छापलेल्या वारंवारतेने गुणा. बहुधा ती २४५० मेगाहर्ट्झ असते. ६.१ सेंटिमीटर आले तर उत्तर सेकंदाला २९ कोटी ८९ लाख मीटर.

इतके नेटके उत्तर पहिल्याच पापडाला येत नाही. लहरी तिन्ही दिशांनी परावर्तित होतात, त्यामुळे डाग वेडेवाकडे पडतात आणि ५ ते ८ सेंटिमीटरपर्यंत काहीही मिळू शकते. पाच-सहा पापडांवरच्या सगळ्या जोड्या लिहून काढा, सरासरी घ्या आणि पसाराही (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे अंतर) नोंदवा. सोयीची जोडी निवडून बाकीच्या गाळणे ही लबाडी आहे. अट ही, की वारंवारता तुम्ही मोजलेली नाही, ती छापील घेतली. तुम्ही मोजली ती फक्त तरंगलांबी. तसे जर्नलमध्ये लिहा.

त्या १२ सेंटिमीटरच्या लहरी दारातून बाहेर का येत नाहीत, हेही पाहून घ्या. दाराच्या काचेआड एक-दोन मिलिमीटर भोकांची धातूची जाळी असते. तरंगलांबीपेक्षा भोक बरेच लहान असले की लहरीच्या दृष्टीने तो अखंड पत्राच. प्रकाशाची लहर त्या भोकापेक्षा हजारोपट लहान, म्हणून पापड दिसतो. हेच तत्त्व नारायणगावजवळ खोडदला मोठ्या आकारात उभे आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके जास्तीत जास्त २० मिलिमीटरची आणि तिथे टिपली जाणारी हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची. अखंड पत्रा लावला असता तर वजन आणि वाऱ्याचा मारा पेलायला सांगाडा कितीतरी जड करावा लागला असता. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. वर्ग नेणार असाल तर तबकड्यांजवळ फोन बंद ठेवायला लावा. तुमच्या फोनची लहर आकाशातून येणाऱ्या लहरींपेक्षा प्रचंड बलवान असते.